पाण्याचा हिशेब आधी, मोटारीचं बटण नंतर



वीज, पाणी आणि अन्न ही सरकारदरबारी तीन वेगळी खाती. तीन साहेब, तीन कचेऱ्या. आपल्या घरात मात्र ते एकच खातं आहे. लाईट आली की मोटार चालते, मोटार चालली की पीक भिजतं, पीक घरात आलं की भाकरी होते. आणि विहीर आटली की हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, ते मी तुम्हाला काय सांगणार!

या खात्यात अलीकडे एक मोठा बदल झाला आहे. आजवर जमिनीतल्या पाण्याला विजेचा लगाम होता. लाईट ठरावीक तासच यायची, तीही कधी दिवसा, कधी रात्री. बिलाची धास्ती वेगळीच. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज सुरू झाली. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के. दिवसा पाणी देता येतं. अंधारात दारं धरायला गेलेल्या माणसाची वाट बघत जागायचं, साप-विंचवाच्या भीतीने जीव टांगणीला लागायचा, ते टळलं. हे चांगलंच झालं.

पण बायांनो, लगाम सुटला म्हणून विहिरीतलं पाणी वाढलं नाही. ऊन रोज नवं येतं. विहिरीत पाणी येतं ते वर्षातून एकदाच, पावसाचं. सकाळी उन्हं वर आली की पंप सुरू आणि उन्हं कलेपर्यंत उपसा, असं चाललं तर पूर्वी मे महिन्यात दिसणारा विहिरीचा तळ आता मार्चमध्येच दिसेल. शेजारी खोल बोअर घेईल, म्हणून आपणही घेऊ. पाणी जेवढं खोल, तेवढी वीज जास्त. ५० फुटांवरून पाणी आणायला जेवढी वीज लागते, त्याच्या दुप्पट १०० फुटांवरून तेवढंच पाणी आणायला लागते. म्हणजे पाणीही गेलं आणि वीजही.

चला, एक हिशेब करू. गावच्या नळयोजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. १००० माणसांच्या गावाला वर्षाला साधारण २ कोटी लिटर लागतं. आता ऊस बघा. लागणीपासून तोडणीपर्यंत उसाला पावसासकट साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एकरी ८० लाख लिटर. त्यातलं निम्मं पावसाने दिलं असं धरलं, तरी ४० लाख लिटर विहिरीतून उपसायचं. म्हणजे ५ एकर उसाचा उपसा आणि १००० माणसांचं वर्षाचं पाणी, बरोबरीत! रब्बी ज्वारीला उसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात भागतं. शिवाय घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा येतो.

तुम्ही म्हणाल, उसाला ठरलेला भाव आहे, कारखाना नेतो, ज्वारीला कोण विचारतं? खरं आहे. म्हणून ऊस उपटा असं मी म्हणत नाही. उसाला ठिबक केलं तर पाणी वाचतं. पण त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला, तर विहिरीची गत तीच. किती एकर लावायचा, हे विहीर बघून ठरवावं लागतं. आणि विहीर एकाची असली तरी खालचं पाणी सगळ्या गावाचं असतं. म्हणून हे एकट्याने ठरवून भागत नाही.

असं ठरवून दाखवलेली गावं आपल्याच राज्यात आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला त्यात जागा नाही. नगरजवळच्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पिकं बदलायची.

आपल्या गटाने काय करावं? पहिलं, दोरीला दगड बांधून गावातल्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी मोजा. दिवाळीत एकदा, संक्रांतीला एकदा, पाडव्याला एकदा. बचत गटाच्या वहीत जसा हप्ता लिहितो, तशी ती लिहून ठेवा. दुसरं, घरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर असेल तर बोला. लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू होते, वाफा भरलेला असला तरी. तिसरं, प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असं कायदाच सांगतो. ती फक्त सह्यांपुरती होऊ देऊ नका. वही घेऊन जा आणि विचारा, “यंदा गावात पाणी किती, आणि पेरायचं काय?” रब्बीची पेरणी होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही, तोवर बी जमिनीत गेलेलं असतं.

पाणी आणायचं काम आजवर आपल्याकडे आहे. मग ते वाटायच्या बैठकीतही आपण बसलंच पाहिजे. येत्या महिला सभेत हा विषय मांडा, आणि काय ठरलं ते रेडिओवर कळवा. इतर गावच्या मैत्रिणींनाही त्याचा उपयोग होईल.