‘पेशंट सहकार्य करत नाही’

आज मी गावाकडून बोलतेय, केंदूरहून. शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या शेजारचं आमचं गाव. मध्येच कोंबडा आरवला तर चालवून घ्या.

तुम्हाला माहितीये, मी पुण्यात नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, गोष्ट ऐका.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. तिसऱ्या रात्री माझी ड्युटी लागली. फाइल उघडली, तर प्रत्येक पाळीत एकच वाक्य : ‘कूस बदलायला पेशंट सहकार्य करत नाही.’

आता कूस बदलणं एवढं महत्त्वाचं का? जो स्वतः हलू शकत नाही, त्याला साधारण दर 2 तासांनी वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा, म्हणजे जिथं हाड कातडीला लागून असतं, तिथलं रक्त दाबामुळे अडतं. आधी लाल डाग येतो. बोटानं दाबूनही तो फिका पडत नसेल, तर बेडसोरची सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. हात लावून बघावं लागतं, गरम आहे का, घट्ट लागतंय का. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस दगावूही शकतो.

मी आणि वॉर्डातल्या मामांनी आजोबांना वळवायला घेतलं, तर त्यांनी कॉटचा कठडाच धरला. “नको गं पोरी. हाण मला, पण हलवू नको.”

मी विचारलं, “आजोबा, गाव कुठलं?”

“केंदूर.”

“अहो, मीपण केंदूरचीच!”

“व्हय? कुणाची गं तू?”

वडिलांचं नाव सांगितलं, तसा कठड्यावरचा हात सुटला. मग हळूच म्हणाले, “लई ठणकतंय. पण डॉक्टरला सांगू नको. रागावत्याल.”

माकडहाडापाशी हात लावला. गरम. डाग दाबला, फिका पडेना. चार्ट पाहिला. दुखण्याचं इंजेक्शन सकाळी 8 ला आणि रात्री 8 ला. मधले 12 तास काहीच नाही. मग माणूस सहकार्य कसं करणार?

डॉक्टरांना फोन केला. “सिस्टर, सकाळी राउंडला बघू.” मी “बरं सर” म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगते, सवयच लागलेली असते. दोन नर्स, तीस पेशंट. कुठं वाद घालायचा?

टेबलापाशी बसले आणि अरुणा शानबाग आठवल्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली, त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. 1980 च्या दशकात महापालिकेनं त्यांना दुसरीकडं हलवायचं ठरवलं, तेव्हा केईएमच्या नर्सेसनी आंदोलन केलं. महापालिकेला बेत सोडावा लागला. पुढं पिंकी विराणींनी त्यांच्या दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नर्सेसनी विरोध केला. 7 मार्च 2011 ला न्यायालयानं याचिका फेटाळली, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर वाट करून दिली. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं अरुणाताई गेल्या. कुणाचं बरोबर होतं, यावर आजही दोन मतं आहेत. पण इतकी वर्षं अंथरुणात असूनही त्यांना बेडसोर झाला नाही, असं केईएमची माणसं अभिमानानं सांगायची. म्हणजे रोज कुणीतरी कूस बदलली होती. आणि जिला बोलता येत नव्हतं, तिच्या वतीनं कुणीतरी बोललं होतं.

माझ्या आजोबांना तर बोलता येत होतं. ते घाबरत होते, एवढंच.

मी परत फोन लावला. या वेळी आकडे घेऊन. “सर, दुखणं दहापैकी आठ. माकडहाडावर डाग आहे, दाबून फिका पडत नाही. तीन दिवस कूस बदललेली नाही. मधला डोस लागेल, एअर बेडही लागेल. तुम्हाला 2 वाजता कळवलं, असं फाइलमध्ये लिहितेय.”

पंधरा मिनिटांत डॉक्टर आले. औषध वाढवलं. ते दिल्यावर अर्ध्या तासानं, पायांत उशी ठेवून, आम्ही आजोबांना वळवलं. कठडा धरला नाही त्यांनी. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी एअर बेड मिळवून दिला. फाइलमध्ये मी लिहिलं : ‘दुखत असल्यामुळे हलता येत नाही.’ चार-पाच दिवसांत डाग गेला. डॉक्टर मात्र आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. चालायचंच.

तुमचं माणूस ॲडमिट असेल, तर तीन गोष्टी विचारा. शेवटची कूस कधी बदलली? पाठ कुणी बघितली? दुखण्याचं पुढचं औषध किती वाजता? आवाज चढवू नका, पण विचारा. तुम्ही विचारलं की माझ्यासारखीलाही दुसरा फोन करायला बळ येतं.

काल कान्हूराज महाराजांच्या देवळापाशी आजोबा भेटले. काठी टेकत आले, म्हणाले, “डॉक्टरला सांगितलंसच ना शेवटी?”

म्हटलं, “सांगितलं.”

“बरं केलंस.”

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.