गळकं छत आणि विम्याचा कागद
(बेसा येथील माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम रंगला. आता मला दिलेला विषय जरा कोरडा आहे. म्हणजे विषय ओला आहे, पण बोलणं कोरडं होणार. आपल्या बॅचच्या गाडीत पाणी गळलं, विमा कंपनीने दावा नाकारला, आणि गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर त्यावरून जे चाललं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आयुष्यभर नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर म्हणून काम केलं. म्हणून संयोजकांनी सांगितलं, ‘तूच उभा राहा.’

गुरुजनांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही बाविसजणांनी वर्गणी काढून एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. तिच्यात बिछाने, छोटं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, टपावर एसी आणि उजेडासाठी काचेची खिडकी बसवून घेतली. युरोपात कारच्या मागे जोडून नेतात तसं हे ओढायचं घर नाही. आपल्याकडे चालतं ते मोटर कॅराव्हॅन, एंजिनासकट. यंदाच्या पावसाळ्यात ती बेसा-पिपळा रस्त्यालगतच्या मोकळ्या प्लॉटवर उभी होती. दिवाळीत दार उघडलं तर कुबट वास, फुगलेला प्लाय, बुरशी लागलेल्या गाद्या.

कंपनीच्या पत्रात एकच ओळ आहे : झीज आणि हळूहळू झालेलं नुकसान, म्हणून दावा नामंजूर. आपल्यातले काही म्हणतात, ‘एवढा हप्ता भरला, मग विमा कशासाठी?’ काही म्हणतात, ‘जाऊ द्या नं, कोण भांडत बसतं!’ माझ्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत.

आधी पाणी आत कसं शिरतं ते पाहू. गाडीच्या छताला पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याला दिलेली वाट असते. एसीसाठी कापलेला चौकोन, सोलर पॅनलचे स्क्रू, खिडकीचं रबर, दोन पत्र्यांमधला सांधा, या सगळ्यांवर सीलंट भरतात. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात टप इतका तापतो की हात ठेववत नाही. रात्री तो निवतो. पत्रा रोज फुगतो, रोज आकसतो, आणि सीलंटला केसाएवढी चीर पडते. आठवीत बाईंनी केशाकर्षण शिकवलं होतं, आठवतं? बारीक नळीत पाणी आपोआप चढतं. तेच इथे होतं. धो धो पाऊस लागत नाही, रिपरिपही पुरते. पाणी चिरेतून आत जातं, आतल्या प्लायमध्ये मुरतं, आणि डाग दिसतो तो भलतीकडेच. डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड कुजलेलं असतं.

आता विम्याचं तत्त्व. विमा ‘होऊ शकेल’ अशा गोष्टीचा असतो, ‘होणारच’ अशा गोष्टीचा नसतो. रबर जुनं होणारच. गाडीच्या पॉलिसीत पूर, वादळ, गारपीट, दरड, आग, बाहेरून झालेला अपघात हे सगळं येतं. पण झीज, घसारा, यांत्रिक बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेलं असतं. हे आजचं नाही. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ५५ मध्ये नेहमीची झीज, नेहमीची गळती आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान यांना विमा कंपनी जबाबदार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. जहाजांच्या जमान्यापासून गळती आणि उंदीर एकाच ओळीत बसलेत! कॅराव्हॅनचा मोठा शौक असलेल्या ब्रिटनमध्येही नियम हाच. म्हणून तिथले लोक दरवर्षी ओलावा मोजायच्या यंत्राने भिंती तपासून घेतात. ती तपासणी चुकवली तर बनवणाऱ्याने गळतीवर दिलेली हमीसुद्धा जाते.

मग पूर आला तर? २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या सभागृहातला कुणीच विसरलेला नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, मोरभवनच्या बसेस पाण्यात उभ्या होत्या. अशा पुरात बुडालेल्या गाडीचं नुकसान सर्वंकष पॉलिसीत येतं. नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पण पाण्यात उभ्या गाडीला चावी मारली आणि एंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते परिणामी नुकसान ठरवून कंपन्या नाकारतात. त्यासाठी एंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. घरी गेल्यावर आपापली पॉलिसी काढून हे एक कलम बघा. आणि पाण्यात उभी गाडी सुरू करू नका, ढकलत न्या.

आता आपल्या गाडीकडे येतो. मी गाडी पाहिली. आतलं नुकसान एका प्रकारचं नाही. एसीच्या चौकोनाभोवतीचा प्लाय काळा पडला आहे, हाताने भुगा होतो. हे जुनं मुरलेलं पाणी आहे. त्याचे पैसे मिळणार नाहीत आणि मागूही नयेत. पण मागच्या बाजूची टपावरची काच फुटलेली आहे. ऑगस्टमधल्या वादळी पावसात बाभळीची फांदी पडली, तिचा फोटो प्लॉटच्या चौकीदाराने त्याच दिवशी पाठवला होता. त्या काचेखालचा बिछाना, गाद्या आणि दिवे त्या फुटलेल्या काचेतून आलेल्या पाण्याने गेले. हे अचानक घडलं, बाहेरून घडलं. हा भाग पॉलिसीत बसतो. आपण अर्ज करताना सगळं एका रकान्यात ‘पावसाने गळती’ म्हणून लिहिलं आणि कंपनीने सगळं एका ओळीत नाकारलं.

एक अडचण मात्र आहे. आत बसवलेल्या वस्तूंची किंमत पॉलिसीत नोंदवलेली असेल तेवढीच धरली जाईल. आपले दिवे आणि एसी नोंदवले आहेत, गाद्या नाहीत. बदल आरसी बुकात चढवून घेतला होता, हे मात्र फार बरं झालं. आणि गाडी खासगी वापराची आहे. कुणी ‘भाड्याने देऊन वर्गणी वसूल करू’ म्हणत असेल, तर परवाना आणि पॉलिसी दोन्ही बदलावे लागतील.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एक, फक्त काचेच्या भागासाठी फोटोसह नवं निवेदन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे द्यायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज मात्र गाडी ज्याच्या नावावर आहे त्या मित्रानेच करायचा आहे, तेव्हा त्याला एकट्याला चकरा मारायला लावू नका. दोन, कुजलेल्या भागाची दुरुस्ती आपल्या वर्गणीतून. तीन, मृग लागण्याआधी टपावर शेड, आणि दरवर्षी उन्हाळा संपताना सगळे सांधे तपासून सीलंट नवं. हा खर्च हप्त्याइतकाच नियमित धरायचा.

ग्रुपवर काही कडू शब्द गेले आहेत. कुणी गाडी तिथे ठेवली, कुणी पाहायला गेलं नाही, यावरून. पंचेचाळीस वर्षांच्या मैत्रीतही सांधे असतात; तेही अधूनमधून पाहावे लागतात. बाईंना आणि सरांना हिवाळ्यात रामटेकला न्यायचं आपण कबूल केलं आहे. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. जे तयार आहेत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याजवळच्या वहीत नाव लिहावं.