अपघात नाही, तरी हप्ता का वाढतो?

“पाच वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा नाही, कंपनीकडून एक पैसा घेतला नाही, आणि यंदा हप्ता वाढवून मागतात! हा कुठला न्याय?” असा सवाल आमच्या वणीत मला पुष्कळांनी केला आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा विमा कंपन्यांचे वकीलपत्रही माझ्याकडेच असणार, असा काहींचा समज दिसतो. तसे ते नाही. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पॉलिसीच्या कागदातच सापडते.

आपण विम्याला भिशी समजतो, इथेच पहिला घोटाळा होतो. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच. विम्यात मात्र आपला नंबर कधीच लागू नये, अशी आपली प्रार्थना असते. आमच्याकडचे कापसाचे व्यापारी हे चांगले ओळखतात. एका जिनिंगमध्ये गंजीला आग लागते, आणि तिची भरपाई ज्यांच्या गंजीला कधी आग लागलीच नाही अशांच्या हप्त्यांतून होते. म्हणजे हप्ता ठरतो तो सगळ्यांच्या नुकसानीवरून. आपली सचोटी त्यात थोडी सूट मिळवून देते, एवढेच.

आता मोटारीची पॉलिसी पाहा. तिच्यात दोन निरनिराळे हप्ते एकत्र बांधलेले असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा, आणि दुसरा ‘थर्ड पार्टी’चा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला द्यायच्या भरपाईचा. हा दुसरा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, आणि त्याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरवते. 2022 च्या अधिसूचनेने हजार ते दीड हजार सीसीच्या खाजगी मोटारीचा दर 3221 रुपयांवरून 3416 केला. चालक जपून चालवणारा की बेफाम, हा प्रश्नच तिथे नाही. (75 ते 150 सीसीच्या मोटारसायकलींचा दर मात्र त्याच वेळी 752 वरून 714 वर उतरला. पण उतरलेल्या दराची चर्चा चहाच्या टपरीवर होत नाही.)

हा दर चढण्याचे एक कारण न्यायालयात आहे. अपघातात कमावता माणूस गेला, तर त्याची भविष्यात वाढणारी कमाईसुद्धा भरपाईत धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 31 ऑक्टोबर 2017 रोजी ठरवून दिले. चाळिशीच्या आतल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात 40 टक्के भर घालायची. कोळशाच्या ट्रकांची रहदारी असलेल्या आमच्या भागात या निकालाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ती भरपाई योग्यच आहे, असे माझे मत आहे. पण ती येते आपल्या हप्त्यांतूनच. तसेच 2018 साली गाडीमालकाच्या स्वतःच्या अपघात विम्याची रक्कम 15 लाख झाली, आणि पूर्वी पन्नास-शंभर रुपयांत भागणारी ही बाब साडेसातशेवर गेली.

आता ‘नो क्लेम बोनस’. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट. ती फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. आणि पन्नासच्या पुढे पायरीच नाही! समजा, मूळ हप्ता दहा हजार आहे. 45 टक्के सूट जाऊन साडेपाच हजार भरले. पुढच्या वर्षी मूळ हप्ता 10,800 झाला, पण सूट पन्नास झाल्याने 5400 च भरावे लागले. आपण खूश. त्याच्या पुढच्या वर्षी मूळ हप्ता 11,500 झाला, सूट तेवढीच राहिली, आणि बिल आले 5750 चे. म्हणजे वाढ आधीपासून चालूच होती, चढत्या सुटीने ती झाकली होती, इतकेच.

मूळ हप्ता वाढतो तरी का? गाडीची किंमत वर्षागणिक उतरते हे खरे, पण तिचा दिवा आणि बंपर जुन्या गाडीलाही नव्याच भावाने बसतो. शिवाय 1 जानेवारी 2007 पासून हे दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली आहे. मुलाने गाडी पुण्याला नेली तरी फरक पडू शकतो, कारण जुन्या दरपत्रकात पुणे महानगरांच्या ‘अ’ विभागात होते आणि वणी ‘ब’ मध्ये.

घराच्या विम्याकडे आपल्याकडे फारसे कोणी वळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यात जागेची किंमत धरत नाहीत, घर पुन्हा बांधायला येणारा खर्च धरतात. विटा, सिमेंट, मजुरी महागली की विम्याची रक्कम वाढते आणि तिच्यामागे हप्ताही. शिवाय विमा कंपनीसुद्धा आपला विमा दुसरीकडे उतरवते. 1861 साली स्वित्झर्लंडमधले ग्लारूस हे गाव जळाले, आणि दोन वर्षांनी झुरिचला अशी एक पुनर्विमा कंपनी निघाली. ती आजही आहे. दूरच्या वादळाचा आणि भूकंपाचा खर्च थोडाथोडा आपल्या दारी येतो तो याच वाटेने.

कंपन्यांना मात्र मी सरसकट निर्दोष म्हणणार नाही. नूतनीकरणाच्या सूचनेत नुसता आकडा येतो, कारण येत नाही. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा हप्ता कलमवार शेजारी-शेजारी छापायला किती शाई लागेल? आणि कारण कळले नाही म्हणजे माणूस रागाने पॉलिसीच सोडून देतो. मग एखाद्या संध्याकाळी मोटारसायकल एखाद्या मजुराला लागते, न्यायाधिकरण भरपाई देण्याचा हुकूम करते, आणि ती थेट मालकाच्या शेतावर, घरावर येते. त्या मजुराच्या बायकोलाही मग शेत विकले जाईपर्यंत वाट पाहावी लागते.

तेव्हा एजंटाला चार आकडे वेगवेगळे मागा: स्वतःच्या गाडीचा हप्ता, थर्ड पार्टी, मालकाचा अपघात विमा आणि 18 टक्के जीएसटी. पहिला आकडा कंपनीगणिक बदलतो, घासाघीस तिथेच करायची. कंपनी बदलली तरी बोनस जात नाही, गाडी विकून नवी घेतली तरी तो मालकाबरोबर येतो. मुदत संपून 90 दिवस उलटले, तर मात्र तो जातो.