बाकड्यावरचा राजा



गेल्या हिवाळ्यात आमच्या कामगारवस्तीतील सभागृहात काही तरुण मंडळींनी सोफोक्लीसचे 'अँटिगनी' मराठीतून केले. पडदा नाही, रंगविलेला राजवाडा नाही. एक बाकडे, दोन दिवे आणि सहा नट. आमच्या शेजारचे निवृत्त जॉबर प्रथम कुरकुरले. पण राजा बाकड्यावर बसला तसे सावरून बसले. ते मूळचे कोकणातले. दशावतारात असल्याच बाकड्याला सिंहासन मानून ते वाढले होते.

थोड्या सामानात नाटक करणे ही काही नवी टूम नव्हे. ख्रिस्तपूर्व 441च्या सुमारास हे नाटक अथेन्समध्ये झाले, तेव्हा तीनच नट मुखवटे बदलून सगळी पात्रे करीत, आणि खेळ भर दिवसा उघड्यावर चाले.

दोन भाऊ एकमेकांच्या हातून मेले. एकाला सन्मानाने मूठमाती मिळाली. दुसरा द्रोही, त्याला जो पुरील त्याला मरण, असा क्रेऑन राजाचा हुकूम. बहीण अँटिगनी तो मोडते. या दोघांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचे मन मात्र पहारेकऱ्यावर जडले. प्रेतावर कुणी माती टाकली, ही वर्दी राजाला द्यायची कुणी? पहारेकरी चिठ्ठ्या टाकतात. ज्याची निघाली तो वाटेत दहादा थबकत येतो, आणि राजा त्याच्यावरच पैसे खाल्ल्याचा आळ घेतो! पुढे तो अँटिगनीला धरून आणतो. तिचे त्याला वाईट वाटते, पण आपला जीव वाचला याचे समाधान त्याहून मोठे.

दाराकडून बाकड्यापर्यंतची वीस पावले त्या नटाने अशी टाकली की दुसरे काही पाहण्याची गरज उरली नाही. पुढच्या रांगेत कंत्राटी पहारेकऱ्याची नोकरी करणारे चौघे होते. यंत्र मोडल्याची बातमी साहेबाला कुणी सांगावी, हा पेच ज्यांना ठाऊक, त्यांना ग्रीस दूर नाही.

रॉबेन बेटाच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केले, तेव्हा नेल्सन मंडेला क्रेऑन झाले होते. बंडखोराने हुकूम सोडणाऱ्याची बाजू आतून बोलून पाहावी, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. युनियनच्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी तर ही भूमिका एकदा करावीच. क्रेऑनचा पोरगा बापाला सांगतो की गाव अंधारात कुजबुजते, तुमच्या तोंडावर बोलत नाही. असे सांगणारा पोरगा प्रत्येक कार्यालयात असतोच असे नाही.

खेळानंतर चहावर वाद जुंपला. आमची एक कार्यकर्ती म्हणाली, "ही एकटी का गेली? बहीण सोबत मरायला तयार झाली तर तिलाही झिडकारते. अशाने संघटना होते काय?"

आम्हांसही ते खटकले होते. जॉबरांनी बशीतला चहा संपविला आणि म्हणाले, "बाई, भावाचं प्रेत उन्हात पडलेलं. सभा कधी बोलावणार होता?"

कार्यकर्तीने उत्तर दिले, त्यांनी ते खोडले, आणि सभागृहाची किल्ली मागायला रखवालदार दोनदा येऊन गेला.