नाताळचा रुमाल वेळेवर



दिवाळी सरली की आपल्या विष्णुपुरीकडं कापसाची वेचणी असते. पुढं माळेगावच्या खंडोबाची यात्रा येते. नाताळ मात्र दरवर्षी २५ डिसेंबरलाच! नाताळसाठी मागितलेला फुलीच्या टाक्याचा रुमाल २६ तारखेला पोचला, तर तो घेणार कोण? डोळे शिणले आणि मजुरीही गेली.

म्हणून सुईत दोरा ओवण्याआधी आपण वही-पेन्सिल घेऊ. समजा, नक्षी ६० घरं रुंद आणि ४० घरं उंच आहे. सगळी घरं भरायची, तर २,४०० फुल्या झाल्या. १ नोव्हेंबर ते २० डिसेंबर, दिवस ५०. वेचणीचे व यात्रेचे १० वजा करू. उरले ४०. म्हणजे रोज ६० फुल्या. शेवटचे दिवस धुणं, इस्त्री करणं व पोचवणं यांसाठी राखू.

थंडीत दिवस लहान असतो. धागे मोजायचं काम उजेडातच करावं. कापडाच्या मधोमध सुरुवात करावी. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकावा.

झालेल्या फुल्या रोज वहीत लिहू. आकडा मागं पडला की लगेच दिसेल. मग घरात सांगता येईल, "आज पाणी तुम्ही भरा." दिलेला शब्द पाळायचा, तर हिशेब आधी मांडावा.