उद्याचे गाव आजच आखू या



पेरणीआधी आपण रान बघतो, वाफसा बघतो, बियाण्याची तजवीज करतो. घर बांधायचे तर गवंड्याकडून आधी दोरी धरून घेतो. गाव मात्र आपसूक वाढते. रस्ता डांबरी झाला, की त्याच्या कडेची काळी रानं प्लॉट पाडून जातात. ओढा बुजतो, पांदण अरुंद होते. काळी माती एकदा फरशीखाली गेली, की पुन्हा पिकत नाही. म्हणून आज बोलायचे आहे ते गावाच्या आखणीबद्दल.

जरा हिशेब करू. समजा, तुमच्या गावात वर्षाला १० नवी घरे होतात. अंगण, गोठा धरून घराला दीड गुंठा लागतो. म्हणजे वर्षाला १५ गुंठे, आणि २५ वर्षांत ३७५ गुंठे. झाले ९ एकर १५ गुंठे! रस्ते, शाळा, खळी वेगळीच. ही जागा लागणारच. पोराबाळांना घरे नकोत असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की ती विहिरीखालच्या बागायतीतून जाणार, की मुरमाड माळावरून? आपण ठरवले नाही, तर ज्याला घाई आहे तो ठरवील.

तुम्ही म्हणाल, “साहेब, गावात कोण कुणाचं ऐकतंय?” ऐकतात बरं! अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार बघा. कमी पावसाचे गाव. दुष्काळाने माणसे पोटासाठी बाहेर पडलेली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, चर खोदले, बांध घातले. योजनेचा पैसाही आला. पण नियम केले ते गावाने. झाड तोडायचे नाही, मोकाट चराई नाही, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे आणि गुरे, मग पिके. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

गावाची ओळख वेशीवरच्या कमानीने होत नाही. गाव काय जपते, यावरून ती होते. मंगळवेढ्याची ज्वारी घ्या. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव तिथल्या काळ्या मातीने आणि ती कसणाऱ्या हातांनी कमावले. मातीच गेली, तर नाव कशावर टिकणार?

तर मग काय करायचे? पुढील कामे क्रमाने घ्या.

१) शिवारफेरी काढा. गावनकाशा हातात घेऊन म्हातारी माणसे, तरुण पोरे, बायाबापड्या सगळ्यांनी मिळून शिवार फिरा. ओढे, पाणवठे, पांदणी, गायरान, काळी जमीन, माळ यांवर वेगवेगळ्या रंगांच्या खुणा करा.

२) घरांची जागा ठरवा. शक्यतो हलक्या रानात, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याची सोय आधी बघा. त्याला जागा मिळाली नाही, तर तो गायरानात जाणारच. दोष त्याला देऊन भागणार नाही.

३) पाण्याचा हिशेब मांडा. १ हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होते. हे सगळे आपल्या हाती लागत नाही. काही वाहून जाते, काही उडून जाते. म्हणून दिवाळीच्या सुमारास विहिरींची पातळी मोजा आणि मगच रब्बीत काय पेरायचे ते ठरवा.

४) गावाचे पीक निवडा. एकट्याचे चार पोते माल व्यापारी पाडून मागतो. गावाचा एका जातीचा, निवडलेला माल असला, की भाव बोलायला तोंड मिळते.

५) ठराव करा. कायद्याने वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि त्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेला भगिनींनी जरूर यावे. पाणी किती लांबून आणावे लागते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? ठरलेली कामे ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात लिहून घ्या. तोंडी ठरलेले तोंडीच राहते.

एक लक्षात ठेवा. जमीन विकू नका, असा ठराव कायद्याने कुणावर लादता येत नाही. तो एकोप्यानेच पाळला जातो. म्हणून पहिल्या वर्षी दोनच नियम करा, पण सरपंचापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांनी पाळा. ज्याला अडचणीत जमीन विकावी लागते, त्याला आधी गावातच गिऱ्हाईक किंवा उसनवारी मिळते का, तेही बघा. नुसती बंदी घालून गरिबाची अडचण सुटत नाही.

गाव करील ते राव काय करील, असे आपणच म्हणतो ना? मग येत्या ग्रामसभेला गावनकाशा घेऊनच बसा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.