पावसामागे चालणारी माणसं



 साहित्याच्या व्यासपीठावरून अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्याबद्दल बोलायची रीत आहे. मी आज मेंढरांबद्दल आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. मराठीच्या भवितव्याशी त्याचा संबंध आहे, असं मी मनापासून मानतो.

समोरची ही तेरेखोल नदी सह्याद्रीतून येते. त्याच रांगेत आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरत गेलात की माण, आटपाडी, जत भागात तो पाचशेवर येतो, आणि तेवढाही दरवर्षी येईलच याची खात्री नाही. या पर्जन्यछायेत माणसानं शेतीच्या जोडीला मेंढरू धरलं. एका शिवारात पाऊस झाला नाही तर दुसऱ्या शिवारात झाला असेल, तिकडं कळप न्यायचा. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबांच्या भाकणुकीकडे, म्हणजे वर्षाच्या भविष्यकथनाकडे, हजारो लोक कान लावून बसतात, कारण पाऊसपाण्याच्या अंदाजावर वर्षभराची वाट ठरते.

दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्रातल्या मेंढपाळांचे कितीतरी वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तळ, घाट उतरून कोकणात येतात. भात कापलेल्या खाचरात मेंढरं कशी बसवतात, हे आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. घोड्यावर बिऱ्हाड असतं: भांडीकुंडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी वाटेतच जन्मलेलं कोकरू. सांजेला बाया चूल मांडतात, गडी वाघर ठोकतात. जाळीच्या त्या कुंपणात रात्रभर कळप बसतो आणि लेंडी व मूत थेट जमिनीत जातं. सकाळी वाघर पुढच्या तुकड्यात हलते. असं करत सगळं शेत खतवून झालं की वाडा पुढे सरकतो. शेतकरी पूर्वी धान्य घालायचा, आता बहुधा पैसे देतो. मृगाच्या आत वाडे पुन्हा घाटमाथ्यापलीकडे गेलेले असतात, कारण कोकणातला मुसळधार पाऊस मेंढीला सोसत नाही.

दुष्काळ या माणसांना नवा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ कादंबरी 1955 साली पुस्तकरूपानं आली, तिच्या शेवटी दुष्काळानं धनगरांचं अख्खं गाव उठतं. 1972 आला, 2012-13 आला, चारा छावण्या उभ्या राहिल्या. अवर्षणात कसं जगायचं, याचं ज्ञान या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं आहे. आता पावसाचं वेळापत्रकच मोडलं आहे. 2021 च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला, सोबत बोचरा गार वारा. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या उघड्या रानात गारठून मेल्या. मेंढीची लोकर पाण्यानं जड झाली आणि वर वारा लागला की अंगातली ऊब भराभर निघून जाते. भिजलेल्या रानात पोटभर चरता येत नाही, आणि उपाशी जनावराच्या अंगात ऊब टिकत नाही. कोकरं आधी जातात. हंगामातला पाऊस वाडा टाळू शकतो. डिसेंबरातल्या पावसाला चुकवायची वाट कुठल्याच आजोबांनी दाखवलेली नव्हती.

हवामानबदलाच्या चर्चेत मात्र जनावर आरोपी म्हणून उभं केलं जातं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात मिथेन तयार होतो, हे खरंच आहे. मानवी कृतीतून होणाऱ्या जागतिक उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा सुमारे 12 टक्के असल्याचा अन्न व कृषी संघटनेचा 2023 चा अंदाज आहे. पण त्या एका आकड्यात जंगल तोडून पेरलेल्या सोयाबीनवर पोसलेली गुरंही येतात आणि माणच्या माळावर कुसळी खाणारी मेंढीही येते. आपल्या मेंढपाळाचा कळप पायी चालतो, निसर्गात उगवलेलं खातो आणि शेताला खत देऊन जातो. दोघांना एकाच दोषाचे धनी करणं अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं गोव्याला लांबचं वाटू नये. आपले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारं, पावसाळ्यात हिरवेगार असतात. पण जांभ्यात पाणी ठरत नाही, आणि माघ-फाल्गुनात त्याच सड्यावर करड्या गवतापलीकडे काही उरत नाही. सह्याद्रीच्या या बाजूला गवळी-धनगरांनी म्हशी राखल्या. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली या समाजावर लिहिलं, तेव्हाच त्यांचं डोंगरावरचं जगणं आक्रसू लागलं होतं. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. उन्हाळा वाढला की तिला डुंबायला पाणी हवंच. डिचोलीत खाणींनी डोंगर उकरले, पेडण्यात मोपाचा सडा विमानतळाखाली गेला आणि तिथल्या धनगर कुटुंबांना जागा सोडावी लागली. विकास हवा, हे मला मान्य आहे. चराऊ रान गेलं तर गुरं कुठं जातील, हा प्रश्न आराखड्यात यायला हवा होता. गोव्याची श्वेतकपिला गाय आता अधिकृत जात म्हणून नोंदली गेली, याचा अभिमान बाळगावा. पण तिला चरायला सडाही हवा.

माळ, सडे, कुरणं यांतली कितीतरी जमीन सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवलेली असते. मग तिथं कुणी झाडं लावतो, कुणी कुंपण घालतो. 2006 च्या वनाधिकार कायद्यानं भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे, पण अंमल फार थोड्या ठिकाणी झाला. एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद पहिल्यांदा घ्यायचं ठरलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ राने व पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं. उशीर झाला, तरी हे घडलं त्याचं स्वागत करू.

पाऊस जागा बदलतो म्हणून हा मेंढपाळ माणूस जागा बदलतो. हवामान बिघडत असताना हे चालणंच त्याचं सगळ्यात मोठं बळ आहे, आणि आपण नेमकं तेच अडवत चाललो आहोत.

आता आपल्या साहित्यक्षेत्राविषयी, म्हणजेच मराठीच्या भवितव्याविषयी. धनगरी ओव्यांचा, बिरोबा-खंडोबाच्या कथांचा ध्यास घेऊन गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक आपल्या माळरानांतून हिंडला. त्याचं ऋण मोठं आहे. पण चराईच्या वाटा, पाणवठे, गवतांची नावं, मेंढीच्या आजारावरचे पाले, वाड्यातल्या बायांच्या आठवणी हे अजून कागदावर फारच थोडं आहे, आणि ज्यांना ते ठाऊक आहे ती पिढी थकली आहे.

म्हणून इथल्या संपादकांना माझी विनंती आहे: यंदाच्या दिवाळी अंकात मेंढपाळांविषयीच्या लेखाबरोबर मेंढपाळांनी स्वतः सांगितलेलं, त्यांच्या बोलीत, त्यांच्या नावानं छापा आणि त्याचं मानधन त्यांना द्या. तरुण लेखकांनी एका वाड्याबरोबर निदान एक हंगाम चालावं. आणि पेडणे-डिचोलीच्या मित्रांनो, पुढच्या ग्रामसभेत गावच्या सड्यातला चराईचा भाग राखून ठेवायचा ठराव मांडा. तो लिहून द्यायला आपल्यातला कुणीही साहित्यिक हजर राहील, असा शब्द मी या व्यासपीठावरून देतो.